गणपतीच्या गर्दीत पोरगं दिसेनासं झालं तर

आमची धाकटी पाच वर्षांची असताना मंडईजवळ हरवली होती. हरवली म्हणजे काय, फुगेवाल्याला सुट्टे द्यायला मी तिचा हात सोडला, पैसे देऊन वळले तर ती जागेवर नाही. बारा मिनिटांनी सापडली, पण तेवढ्यात जे जे करू नये ते सगळं आम्ही करून बसलो होतो, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे सगळेच पळालो. मी एकीकडे, नवरा दुसरीकडे, जाऊबाई तिसरीकडे. नंतर कळलं की पोरगी फक्त चार पावलांवर चक्री बघायला गेली होती आणि परत फुगेवाल्याजवळ आलीसुद्धा, पण तिथे आमच्यापैकी कोणीच नव्हतं, मग ती घाबरून खरंच चालायला लागली. त्यामुळे एक गोष्ट पक्की करा, जिथे मूल शेवटचं दिसलं तिथून एक मोठं माणूस हलणार नाही, काय वाट्टेल ते झालं तरी. बाकीच्यांनी शोधायचं.

शोधताना नुसत्या नावाने हाका मारून उपयोग नाही. ढोलताशा पथक जवळून जात असेल तर शेजारच्याचं ऐकू येत नाही, आणि नाव ऐकून लोक काय करणार, त्यांना मूल कसं दिसतं ते माहीत नाही ना. "पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, पाच वर्षांची मुलगी दिसली का?" असं ओरडा, लाज सोडून. आजूबाजूचे दहा जण लगेच खाली बघायला लागतात. आपण डोक्यांच्या उंचीवर शोधत राहतो आणि पोरं असतात आपल्या कमरेखाली. पोरगं थोड्या वेळापूर्वी कशासाठी हट्ट करत होतं ते आठवा, तिकडे आधी बघा. फक्त विसर्जनाला घाटावर असाल किंवा चौपाटीवर, तर आधी पाणी, बाकी सगळं नंतर.

दुसऱ्याने तोपर्यंत जवळच्या मांडवात जाऊन माईकवरून सांगायला लावायचं, मंडळाचे कार्यकर्ते लगेच धावतात, हा अनुभव आहे. उत्सवात पोलिसांची मदत केंद्रं पण असतात, तिथे जा, नाहीतर ११२ लावा. लहान मुलांसाठीचा १०९८ पण आहे. नेटवर्क जाम असतं, कॉल लागत नाही, तर समोर दिसेल त्या पोलिसाला गाठा. आणि ते "चोवीस तास थांबावं लागतं" हे डोक्यातून काढून टाका, तसं काही नाहीये. मुलाच्या बाबतीत तक्रार लगेच नोंदवायची आणि अपहरण धरूनच तपास सुरू करायचा असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय.

आता घरून निघतानाचं, कारण खरं काम तिथेच होतं. दारातून बाहेर पडताना त्याच कपड्यांत मुलाचा एक फोटो काढायचा, चपलांसकट. मला त्या दिवशी पोलिसाने विचारलं फ्रॉक कुठल्या रंगाचा, आणि मी चक्क हिरवा सांगितला, होता पिवळा! फोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात, शिवाय मार्करने हातावर, वरून सेलोटेप, नाहीतर घामाने पुसतो. नाव मात्र बाहेर दिसेल असं लिहू नका, नावाने हाक मारणारा ओळखीचाच वाटतो पोरांना.

आणि आईबाबांचं पूर्ण नाव पाठ करून घ्या. आमची बाई बांगडीवाल्या काकूंच्या ओट्यावर गोळी चघळत बसलेली सापडली, काकू विचारतायत आईचं नाव काय, ही म्हणतेय "आई". बाबांचं? "बाबा". कुठे राहतेस? "घरी". काकू तरी काय करणार बिचाऱ्या!

मुलाला नियम एकच द्या, दोन दिले तर विसरतं: आम्ही दिसलो नाही तर तिथेच उभं राहायचं आणि मोठ्याने आमचं नाव घ्यायचं. कोणी न्यायला लागलं तरी जायचं नाही, मदत हवी तर पोलीस किंवा लेकरं बरोबर असलेली बाई. मुंबईवाल्यांनी लोकलचं वेगळं शिकवा, मूल गाडीत, गाडी सुटली आणि आपण खाली राहिलो तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून फलाटावरच थांबायचं. तिथे मदतीला रेल्वेचा हेल्पलाइन नंबर १३९ आणि रेल्वे पोलीस.

मोठ्यांसाठी पण एक. आठ जण बरोबर असले की सगळ्यांना वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. हात सोडताना तोंडाने सांगा "आता तुझ्याकडे", आणि समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय सोडू नका. आमच्याकडे आता सासूबाई पण म्हणतात हे.

सापडल्यावर रागावू नका हो. मी एक धपाटा दिला होता, अजून वाईट वाटतं. ओरडा बसेल या भीतीने पोरं हाका ऐकूनही लपून बसतात. जवळ घ्या, पाणी पाजा, मग मांडवात आणि पोलिसांना सापडल्याचं सांगा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला असेल तर प्रत्येक ग्रुपमधून लगेच डिलीट करा, "सापडली" असा मेसेज टाका, नाहीतर पुढच्या गणपतीतही कोणीतरी तो फॉरवर्ड करत बसतं.