सॉ, हर्डच्या पुढे क्रॉस की क्रॉसिंग?

इंग्रजीत 'आय सॉ हिम...' इथवर लिहिलं की पेन अडतं. अशा वेळी वाक्य आधी मराठीत म्हणून बघा.

१. 'तो रस्ता ओलांडताना दिसला', म्हणजे मधलाच क्षण पाहिला: क्रॉसिंग.
२. 'त्याने रस्ता ओलांडलेला मी पाहिला', म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळं पाहिलं: नुसतं क्रॉस.

'ताना' सहज बसतो का, एवढंच तपासायचं. कप खळ्कन फुटला, तिथे 'फुटताना' म्हणायला वेळच नसतो; म्हणून 'आय हर्ड द कप ब्रेक'.

'हिम' आणि 'क्रॉस'च्या मध्ये 'टू' मात्र घालू नका, आपल्या मुलांचे मार्क हमखास इथेच जातात. तो फक्त कर्मणी प्रयोगात परत येतो: 'ही वॉज सीन टू क्रॉस द रोड'.