लहान धक्क्यानंतर माळवदाच्या घराची पाहणी कशी करावी

जमिनीखालून गडगडाट ऐकू येणे, मांडणीवरची भांडी वाजणे आणि क्षणभरात सारे शांत होणे, हा अनुभव लातूर, धाराशिव, हिंगोली आणि नांदेड भागांत नवा नाही. लहान धक्क्यांनी जमिनीतला जोर निघून जातो, असे समाधान त्यावर मानले जाते, परंतु ६.२ तीव्रतेच्या भूकंपातील ऊर्जेची बरोबरी करायला ३ तीव्रतेचे साठ हजारांहून अधिक धक्के लागतील. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीतही ३० सप्टेंबर १९९३ च्या ६.२ तीव्रतेच्या विनाशकारी भूकंपापूर्वी, १९९२ मध्ये, लहान धक्के बसले होते. म्हणून धक्का लहान असला तरी त्यानंतर घर तपासावेच.

पाहणी उजेडात आणि आधी बाहेरून करावी. आपल्याकडची दगडमातीची भिंत दिसायला एकसंध असली, तरी पुष्कळदा ती आतली आणि बाहेरची अशा दोन थरांची असते आणि मधली पोकळी दगडगोटे व चिखलाने भरलेली असते. हादऱ्याने हे थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगते. फुगवटा दिसल्यास किंवा कोपऱ्यात उभी भेग पडल्यास त्या भिंतीलगत झोपणे त्याच दिवशी थांबवावे. बारीक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, म्हणजे पुढच्या धक्क्याने ती वाढली का, हे कळते. गिलावा करून भेग बुजवणे सर्वांत घातक, कारण त्याने धोका झाकला जातो, कमी होत नाही.

त्यानंतर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छप्पर, पाहावे. गळती थांबवण्यासाठी जुन्या थरावर वर्षानुवर्षे नवी माती टाकली जाते आणि तेच ओझे भूकंपात माणसांवर कोसळते. जादा माती सर्व बाजूंनी सारखी, थोडी थोडी काढावी. लाकडी खांबांचे बूड वाळवीने पोखरले आहे का, खांब व तुळईचा सांधा ढिला झाला आहे का, हेही पाहावे. सांधा तिरक्या लाकडी आधाराने बळकट करता येतो.

भिंतीचे दोन थर बांधून ठेवण्यासाठी साधारण मीटरभर अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरतात. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. तोपर्यंत खाटा दगडी भिंतीपासून दूर ठेवाव्यात आणि दारापर्यंतच्या वाटेत रात्री धान्याची पोती ठेवू नयेत.