दुःखसहन सप्ताहात येशूचा सिनेमा लावायचा असेल तर

नाशिकमधल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी दुःखसहन सप्ताह सुरू होतो तेव्हा, संध्याकाळी सिनेमा दाखवायचं काम गेली तेरा वर्षं माझ्याकडे आहे. प्रोजेक्टर भाचा आणतो. मी आपली रविवारच्या शाळेची बाई. तरी दरवर्षी कुठून ना कुठून फोन येतोच, "ताई, कोणता लावू?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

कोणता, ते समोर कोण बसणार त्यावर ठरवा. 2004 चा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' दोन तासांच्या वर आहे आणि त्यातली माणसं अरामी नि लॅटिन बोलतात. खालच्या ओळी वाचणं म्हाताऱ्यांना जमत नाही. अमेरिकेतसुद्धा 17 वर्षांखालच्यांना तो मोठ्यांबरोबरच बघता येत होता. पोरंबाळं असतील तर 1979 चा 'जीझस' बरा. तो लूकच्या शुभवर्तमानावर (बायबलात येशूची चार चरित्रं आहेत, त्यातलं एक) बेतलेला आहे आणि मराठीत मिळतो.

मी पहिल्याच वर्षी उलटं केलं. पॅशन लावला आणि पोरांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. फटक्यांचा प्रसंग सुरू झाला, तसा एका पोराने हात मागे नेऊन स्वतःची पाठ झाकली. मी रिमोट शोधत राहिले. खिळ्यांपर्यंत आलं तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक आजी चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. मागचे ओरडायला लागले, "आजी, बसा, दिसत नाही!" त्या शेवटपर्यंत बसल्या नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "तो तिथे टांगलेला आणि मी खुर्चीत?"

त्याच वेळी एक तरुण उठून बाहेर गेला आणि पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कुजबुज झाली, विश्वास कच्चा आहे म्हणून. लहानपणी त्याने वडलांना मार खाताना पाहिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून बाजूचं दार उघडं ठेवते. बाहेर गेलेल्याच्या मागे कुणी जायचं नाही, आणि कोण किती रडलं हे चहाच्या वेळी काढायचं नाही. (आमच्याकडे ही स्पर्धा लागते, खोटं कशाला बोलू.)

सिनेमाआधी योहानाचा 19 वा अध्याय मोठ्याने वाचा. मधे कुणाला बोलू देऊ नका. फटक्यांना तिथे एकच वचन आहे, पहिलं. लूकमध्ये तर रोमी सुभेदार पिलात फक्त शिक्षा करून सोडतो म्हणतो, प्रत्यक्ष फटके नाहीतच. पॅशनमध्ये मात्र ते संपता संपत नाहीत. त्या सिनेमात शुभवर्तमानांखेरीज एमेरिख नावाच्या जर्मन ननच्या दर्शनांतूनही बरंच घेतलं आहे. तोंड पुसणारी वेरोनिका चारही शुभवर्तमानांत नाही. नाशिकरोडच्या आमच्या कॅथलिक मैत्रिणींना ती क्रूसाच्या वाटेच्या (येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या चौदा थांब्यांवर प्रार्थना करतात, त्या भक्तीच्या) सहाव्या स्थानावर भेटते, त्यामुळे त्यांना नवल वाटत नाही. आमच्यातले काही मात्र घरी जाऊन बायबलात शोधत बसतात. आधी सांगितलं की तो घोळ टळतो.

आणखी एक आधीच बोलून घ्या. पडद्यावरचा जमाव बघून "यहुद्यांनी मारलं" असं कुणीतरी म्हणतंच. येशू यहुदी, मरिया यहुदी, पेत्र यहुदी. त्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकता येत नाही, हे कॅथलिक चर्चनेही 1965 मध्ये लेखी मांडलं. पोरांना हे नीट समजतं, मोठ्यांनाच दोनदा सांगावं लागतं.

शेजारच्या हिंदू बायकाही येतात. त्यांच्याबद्दल पाळकसाहेबांशी माझी एकदा वादावादी झाली. साहेबांना त्या बायकांना लगेच धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या होत्या. मी म्हटलं, राहू द्या. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण आणि राम उभे राहिले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. शेजारच्या काकूंनी पडद्याला हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "पण उठतात ना ते पुढे?" मी हो म्हटलं. तेवढं पुरे होतं.

बाकी किरकोळ. साडेसातच्या आत सुरू करू नका, खिडक्यांतून उजेड येतो. आवाज थोडा कमीच ठेवा, हातोड्याचा घाव पत्र्याच्या छताखाली दुप्पट वाजतो. संपल्यावर ट्यूबलाइट पटकन लावू नका, चहाच्या टेबलावरचा एक बल्ब बास. भाषण नको, प्रार्थनाही लांबवू नका. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन कुणीतरी आपणहून सुरू करतं, थोडं थांबावं लागतं इतकंच.

आणि भिंतीलगतची एक पट्टी खुर्च्यांविना मोकळी सोडा, म्हणजे मागच्यांची तक्रार येत नाही. गेल्या वर्षी तिथे सहाजणी उभ्या होत्या, चपला काढून.