अवजड माल एअरशिपने नेणार? उचलण्याआधी उतरवण्याचा विचार करा

जिथे रस्ता नाही, पूल नाही, तिथे पवनचक्कीचं पातं किंवा ट्रान्सफॉर्मर एअरशिपने, म्हणजे हेलियम वायू भरलेल्या हवाई जहाजाने नेऊ, असं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती टन उचलेल?" गणित बिघडायला सुरुवात इथूनच होते. समजा 60 टन उचललं, साइटपर्यंत आणलंही. आता ते खाली कसं ठेवणार?

हेलिकॉप्टरच्या हुकवरून ओझं सुटलं की पायलट पॉवर कमी करतो, विषय संपला. एअरशिपला उचलून धरतो तो हेलियम, आणि तो ओझं गेलं तरी आत तसाच असतो. 60 टन एकदम सुटले तर जहाज तेवढ्याच जोराने वर झेपावणार. म्हणून हुक सैल करण्याआधी किंवा करता करता तितकंच वजन जहाजात चढवावं लागतं. हे वजन बहुधा पाण्याचं, तब्बल 60,000 लिटर. मिनिटाला 1,000 लिटर देणारा पंप लावलात तरी एक तास, आणि तो पूर्ण तास जहाज वाऱ्यात एका जागी तरंगत धरायचं. थंड प्रदेशात पाइपातलं पाणी गोठतं, वाळवंटात मुळात पाणीच नसतं. त्यामुळे आधी टाक्या आणि पंप तिथे पोचवा, नाहीतर परतीचा माल तयार ठेवा: ओंडके, जुनी यंत्रं, काहीही. "थोडा हेलियम सोडून देऊ" हा उपाय सुचवणाऱ्याला सांगा, 60 टनांसाठी सुमारे 60,000 घनमीटर सोडावा लागेल. तोही दर खेपेला!

दुसरी चूक उंचीची. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम ढोबळमानाने एक किलो उचलतो. 3,000 मीटरवर हवा विरळ होते आणि जवळपास पाव उचल जाते. 1,80,000 घनमीटरच्या जहाजाची 45 टन उचल गेली, तर 60 टनांच्या पेलोडमधलं, म्हणजे नेता येणाऱ्या मालातलं, उरलं किती? जहाजाचं स्वतःचं वजन काही कमी होत नाही.

ऊन आणि वारा कोणी फारसे हिशेबात धरत नाही. उन्हाने हेलियम तापला की उचल वाढते. 1932 च्या मे महिन्यात अमेरिकेत सॅन दिएगोजवळ 'अ‍ॅक्रन' हे एअरशिप उतरवून जमिनीशी दोरांनी बांधताना हेच झालं. इंधन संपत आल्याने जहाज आधीच हलकं होतं, त्यात ऊन. जहाज वर निसटलं, दोर धरून राहिलेले तीन खलाशी त्याच्यासोबत वर गेले, त्यांतले दोघे पडून मेले. दोर माणसांच्या हाती देऊ नका, मास्ट (जहाज बांधायचा खांब) आणि विंच (दोर ओढणारं यंत्र) लावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे ध्यानात ठेवून जागा निवडा.

आणि ब्रोशरमधल्या टनांवर वेळापत्रक आखू नका. जर्मनीतल्या कार्गोलिफ्टर कंपनीने 160 टन उचलणारं जहाज जाहीर केलं, ते ठेवायला 360 मीटर लांबीचा हँगरही उभारला. 2002 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली; जहाज झालंच नाही, आणि त्या हँगरमध्ये आता वॉटरपार्क आहे. त्यामुळे उत्पादकाला एवढंच विचारा: हे वजन घेऊन प्रत्यक्ष किती उड्डाणं झाली? तुमचा सर्वांत जड तुकडा 20 टनांत बसत असेल, तर तेवढं मी-26 हेलिकॉप्टर उचलतं.