एक कप काजू म्हणजे किती ग्रॅम?

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो, रेसिपीत कप लिहिलेला असतो आणि दुकानातून आपण आणतो पाव किलो. आधी आकडे देते, कप म्हणजे बेकिंगवाला 240 एमएलचा आणि सपाट भरलेला, शिगोशीग नाही. अख्खे बदाम साधारण 143 ग्रॅम, कच्चे शेंगदाणे 146, काजू 135-140 च्या आसपास, सोललेले पिस्ते 123 आणि अक्रोडाचे अर्धे तुकडे फक्त 100.

अक्रोड इतके कमी का, तर ते वेडेवाकडे असतात आणि मधे पोकळ्या राहतात. तेच अक्रोड चिरून भरले की 117 ग्रॅम बसतात. बदामाचं नेमकं उलट होतं, पातळ काप केले की कपात 92 च बसतात आणि पूड केली तर 95, कारण पूड भुसभुशीत राहते. चमच्याने दाबलीत तर अजून जाईल, म्हणून पूड कपाने मोजूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

काजूकतलीत इथेच घोळ होतो. "1 कप काजू, पूड करून" आणि "1 कप काजूची पूड" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात काजू 135 च्या पुढे, दुसऱ्यात बरेच कमी, आणि साखर मात्र दोन्हीकडे अर्धा कप म्हणजे 100 ग्रॅमच, मग दुसरी कतली गोड्ड होते. माझी एकदा अशीच झाली होती आणि महागाचे काजू गेले याचं फार वाईट वाटलं. दाण्याच्या कुटाचंही तेच, आधी दाणे मोजले की नंतर कूट, हे रेसिपीत नीट वाचा.

आता घरातली वाटी. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवा, झिरो करा, काठोकाठ पाणी भरा, जेवढे ग्रॅम तेवढे एमएल. समजा 160 आले, तर बदामाचे 143 गुणिले 160 भागिले 240, म्हणजे 95 ग्रॅम. वाटी लहान असेल तर कडेला जागा जास्त वाया जाते म्हणून थोडे कमीच भरतील, तेव्हा एकदा खरोखर बदाम भरून वजन करा आणि तो आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

अजून एक, टरफलासकट पिस्ते आणलेत तर गर निम्म्याच्या आसपासच निघतो, आणि शेंगदाणे भाजून सालं पाखडली की वजन थोडं घटतं. चिक्कीला 250 ग्रॅम भाजलेले सोललेले दाणे हवे असतील तर कच्चे 275 तरी घ्या, आणि गूळ किसून कपात भरत बसू नका, तो सरळ काट्यावर घाला.