ड्रोनची मोटर जळली? नवी बसवण्याआधी हे तपासा

ड्रोन उडता उडता एका बाजूला कलंडतो, गरगरत खाली येतो आणि पुन्हा सुरू केला की तीनच मोटरी फिरतात. चौथी जागच्या जागी थरथरते. बहुतेक जण इथेच ‘मोटर गेली’ म्हणून नवी मागवतात. पण ईएससी, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, जळालं तरी हेच दिसतं. एखाद्या वायरचं सोल्डरिंग सुटलं तरी हेच. शिवाय मोटर खरंच जळली असेल आणि कारण न शोधताच नवी बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते.

पुढची पद्धत तीन वायरींच्या ब्रशलेस मोटरसाठी आहे. खेळण्यातल्या लहान ड्रोनमध्ये दोन वायरींची ब्रशवाली मोटर असते. तिचे ब्रश कधीतरी झिजणारच. ती चालू मोटरच्या जागी जोडून पाहा. तिथेही फिरली नाही तर सरळ बदला.

१. आधी बॅटरी आणि पंखे काढा

चारही पंखे काढायचे, फक्त बिघडलेल्या मोटरचा नाही. तपासताना दुसरीच मोटर अचानक फिरली तर बोटं वाचतात.

२. बघा, वास घ्या, हाताने फिरवा

वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या गुंडाळीचं, इनॅमल (तारेवरचा वीजरोधक थर) जळालं की करपल्याचा उग्र वास येतो आणि तो बराच टिकतो. तांब्याची तार काळवंडलेली दिसते. मात्र काही मोटरींची तार कारखान्यातूनच गडद रंगाची येते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका; शेजारच्या मोटरीशी ताडून पाहा. पुढच्या प्रत्येक चाचणीत उरलेल्या तीन मोटरी हेच तुमचं मोजमाप.

आता हाताने फिरवा. चुंबकांमुळे ठरावीक अंतराने हलके झटके जाणवतात, त्यात काही बिघाड नाही. खरखर लागली तर बेअरिंग गेलं असेल, किंवा चुंबकांना लोखंडाचा चुरा चिकटला असेल. तो चिकटपट्टीने निघतो. एखादं चुंबक जागचं सुटून घासत असेल तर तेही इथेच कळतं.

३. बुडाचे स्क्रू

ही तपासणी बरेच जण टाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मोटर ड्रोनच्या हातावरून, म्हणजे ती ज्या दांड्यावर बसते त्यावरून, सोडवा आणि स्क्रूच्या जागी आत डोकावून पाहा. स्क्रू एखादा मिलिमीटर जरी लांब असला तरी त्याचं टोक वाइंडिंगला टेकतं, कंपनाने इनॅमल खरवडलं जातं आणि शॉर्ट होतो. कार्बन फायबरची फ्रेमही वीज वाहून नेते, त्यामुळे नुकसान एका मोटरपुरतं राहीलच असं नाही.

मल्टिमीटर बीपवर, म्हणजे जोडणी सलग असली की वाजणाऱ्या सेटिंगवर, ठेवा. एक टोक मोटरच्या वायरला, दुसरं मोटरच्या उघड्या धातूला लावा. बीप वाजला तर वाइंडिंग अंगाला लागलंय, मोटर बाद.

४. तीन वायरींची परीक्षा

तिन्ही वायरी ईएससीवरून सोडवा. कोणत्याही दोन वायरींमध्ये बीप यायलाच हवा. एखाद्या जोडीत आला नाही तर तार आतून तुटली आहे. बीप आला म्हणजे मोटर ठणठणीत, असं मात्र नाही. वाइंडिंगचा रोध ओहमच्या शंभराव्या हिश्श्यांत असतो, साध्या मीटरला आतला शॉर्ट दिसतच नाही.

तिथे बोटं जास्त खरं सांगतात. वायरींची टोकं एकमेकांपासून दूर ठेवून मोटर फिरवा. चांगल्या मोटरपेक्षा ती जड फिरत असेल, ब्रेक लागल्यासारखी, तर आत शॉर्ट आहे. मग तिन्ही टोकं एकत्र पिळून फिरवा. आता मात्र ती जड व्हायलाच हवी.

५. ईएससी

संशयित मोटर दुसऱ्या ईएससीला जोडून पाहा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो धोक्याचा वाटतो. शॉर्ट झालेली मोटर चांगला ईएससी घेऊन जाते, आणि शॉर्ट झालेला ईएससी चांगली मोटर. आधी मीटर वापरा: बॅटरी काढलेली असताना बॅटरीच्या प्लस पॅडपासून मोटरच्या तिन्ही पॅडपर्यंत रोध मोजा, मग मायनसपासून. एखादा आकडा शून्याजवळ आणि बाकीचे बरेच मोठे असतील तर मॉसफेट, म्हणजे ईएससीवरचा वीज चालू-बंद करणारा भाग, जळाला आहे. अदलाबदल त्यानंतर, तीही स्मोक स्टॉपर, म्हणजे बॅटरी आणि ड्रोनच्या मध्ये लावायचं, शॉर्ट असेल तर वीज रोखणारं साधन, लावूनच.

६. जळली कशाने?

अपघातानंतर गवतात अडकलेल्या मोटरला थ्रॉटल (वेगाचा आदेश) मिळत राहिला, तर ती काही सेकंदांत जळू शकते. ड्रोन पडला की लगेच डिसआर्म करा, म्हणजे रिमोटवरून मोटरी बंद करा. नेहमी एकच मोटर गरम होत असेल तर दोष त्या हातावरच शोधा: बेअरिंग, वाकलेला शाफ्ट, चीर गेलेला पंखा. चारही गरम होत असतील तर पंखे मोठे आहेत, डी गेन (उड्डाण स्थिर ठेवणाऱ्या सेटिंगमधला एक आकडा) जास्त आहे किंवा केव्ही चुकला आहे. केव्ही म्हणजे भाराविना दर व्होल्टला मिनिटाचे फेरे. २४५० केव्हीची मोटर भरलेल्या ४ सेलवर, म्हणजे १६.८ व्होल्टवर, सुमारे ४१,००० फेरे घेते; ६ सेलच्या २५.२ व्होल्टवर तोच हिशोब ६१,००० च्या वर जातो. ६ सेलला १७५० केव्हीच्या आसपासची मोटर लागते ती याचमुळे.

७. नवी बसवताना

आकार आणि केव्ही तोच घ्या. २२०७ म्हणजे स्टेटरचा (वाइंडिंग असलेल्या स्थिर भागाचा) व्यास २२ मिलिमीटर, उंची ७. वायरी कोणत्याही क्रमाने जोडा. उलटी फिरली तर कोणत्याही दोन अदलाबदल करा किंवा सेटिंगमधून दिशा बदला. पहिल्यांदा वीज देताना स्मोक स्टॉपर लावा आणि पंख्यांशिवाय बेटाफ्लाइट या ड्रोनच्या सेटिंग सॉफ्टवेअरच्या मोटर टॅबमधून कमी वेगात फिरवा. मग पंखे लावून अर्धा मिनिट जमिनीलगत तरंगवा, उतरवा, बॅटरी काढा आणि चारही मोटरींना हात लावून पाहा. नवी मोटर बाकी तिघींपेक्षा गरम लागली तर पुन्हा उडवू नका. सहाव्या पायरीवर परत जा.