मालवणला निघण्याआधी तिथी बघा

लातूर, नांदेड, धाराशिवकडून कोकणात जाणारी मंडळी सुट्टी बघून तारीख ठरवतात, मग गाडी, मग राहायची सोय. समुद्राचं वेळापत्रक कोणी बघत नाही. मग दुपारी दोनला किनाऱ्यावर पोचावं तर वाळूच गायब, किंवा देवबागचं वाळूचं बेट बघायला जावं तर त्यावर कमरेएवढं पाणी. हे वेळापत्रक घराघरांत भिंतीवर टांगलेलं असतं, फक्त ते वाचायची सवय आपल्याकडे नाही, कारण आपलं पाणी धरणातलं. तिथं पातळी महिन्यांनी बदलते, इथं सहा तासांनी.

तिथीवरून भरती कशी काढायची

तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला एक भरती, दुपारी चारच्या सुमारास दुसरी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पंचमीला सकाळी दहाच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. रोज भरती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

हा ठोकताळा मुंबई-अलिबागकडे जास्त जुळतो. मालवण, वेंगुर्ला दक्षिणेला असल्यामुळे तिथं पाणी पाऊण तासापर्यंत लवकर चढतं. म्हणून बेत आखताना एक तास इकडेतिकडे सोडा आणि पक्की वेळ आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला विचारा. विचारताना ‘सुकती कधी आहे?’ असं विचारलंत तर उत्तर नीट मिळतं. ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात.

पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. मालवणला तेव्हा भरती-ओहोटीच्या पातळीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. अष्टमी-नवमीला हा फरक सगळ्यात कमी, त्याला भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त, गढूळपणा जास्त. भांगाच्या दिवसांत पाणी शांत आणि तळ दिसण्याची शक्यता चांगली.

यावरून तारखा अशा निघतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं वाळूचं बेट (सगळे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात) बघायचं असेल तर ओहोटी सकाळी आठ ते साडेदहाच्या मध्ये यायला हवी, म्हणजे तृतीया ते षष्ठी. स्कूबा डायव्हिंग हा मुख्य हेतू असेल तर सप्तमी ते दशमी. संध्याकाळी लांबलचक ओल्या वाळूवर चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या, कारण तेव्हा ओहोटी पाचच्या सुमारास असते. तीन रात्रींची सहल असेल तर पंचमीला पोचणं सगळ्यात फायद्याचं: षष्ठीला बेट, सप्तमीला स्कूबा.

हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले सगळे खेळ बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. दिवाळीनंतरचा आठवडा आणि ३१ डिसेंबर टाळा. एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या आतच दिसतो आणि बेचाळीस अंशांत वाढलेला माणूस म्हणतो, यात काय! पण तिथं घाम वाळत नाही. आपल्याकडची कोरडी हवा घाम उडवून अंग गार करते, इथं तो अंगावरच राहतो. दर तासाला पाणी, आणि दिवसातून दोनदा मीठ घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत घ्या.

रस्ता

नांदेड-लातूरहून तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट. हा नागपूर-रत्नागिरी महामार्गाचाच मोठा भाग आहे. लातूर ते मालवण पाचशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून आणखी एकशेचाळीस. छत्रपती संभाजीनगर-जालन्याच्या लोकांना अहिल्यानगर, पुणे, सातारा करून कोल्हापूर सोयीचं. सहाशेच्या पुढे अंतर होतं. एका दिवसात ओढू नका. पहिला मुक्काम कोल्हापूरला करा. घाट उजेडात उतरायचा, हा नियम मोडू नये.

वाटेत तुळजाभवानी आणि अंबाबाई आहेतच. दोन्ही दर्शनं जाताना केली तर शनिवार-रविवारच्या रांगेत अर्धा दिवस सहज जातो, आणि ‘आलोच आहोत तर पंढरपूर’ म्हटलं की समुद्राचा एक दिवस गेलाच. एक दर्शन जाताना, एक येताना, असं वाटून घ्या.

रेल्वेने यायचं तर कोल्हापूरपर्यंतच रूळ आहेत. तिथून कोकणात गाडी उतरत नाही, पुढे एसटी. कोकण रेल्वेने मुंबईकडून येणाऱ्यांना मालवणसाठी कुडाळ जवळचं, साधारण तीस किलोमीटर.

कोल्हापूरहून फोंडा घाट, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा घाट, किंवा आजरामार्गे आंबोली. कामामुळे किंवा दरडीमुळे यातला एखादा बंद असतो, म्हणून कोल्हापूर सोडण्याआधी बसस्थानकावर चौकशी करा; एसटी ज्या घाटाने जाते तो चालू. सपाटीवर गाडी हाकणाऱ्याची चूक ठरलेली असते: उतारावर पाय सतत ब्रेकवर. दहा माणसं आणि टपावर सामान लादलेली क्रुझर असेल तर अर्ध्या घाटातच जळका वास येतो आणि ब्रेक मऊ पडतो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे दुसरा, वळणावर कधी पहिला. न्यूट्रल कधीच नको. वास आलाच तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

सिंधुदुर्ग किल्ला

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली, बांधकाम १६६७ मध्ये पुरं झालं. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

मालवणच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. सकाळी पहिल्या होड्यांत बसा. दिवस चढला की समुद्राकडून खारे वारे सुटतात, पाणी हलायला लागतं आणि रांगही वाढते. बहुतेक होडीवाले उतरवून तासाभराने परत नेतात, आणि तासात अख्खा तट होत नाही, कारण त्याची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे. त्यामुळे क्रम असा ठेवा: दरवाजाशी थांबा आणि तो समोरून का दिसत नाही ते बघा. बुरुजांनी त्याला असं कवेत घेतलंय की होडी अगदी जवळ गेल्यावरच तो सापडतो. आत महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, मग शिवराजेश्वर मंदिर. हे राजाराम महाराजांनी बांधलेलं. पुढे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं, हे विहिरी खोदून खोदून थकलेल्या आपल्या माणसाला तटापेक्षा जास्त भिडतं. वेळ उरलाच तर तटावर चढा. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. चप्पल हातात घेऊ नका, घट्ट सँडल घाला.

पाण्यात उतरताना

आपल्याकडची पोरं विहिरीत मुटका मारून पोहायला शिकलेली असतात, आणि समुद्रात धोका जास्त त्यांनाच, कारण ती पुढे जातात. विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं, समुद्राचं माणसाला घेऊन जातं. लाट परतताना पायाखालची वाळू सरकते, तीही शब्दशः.

उतरण्याआधी दहा मिनिटं उभं राहून पाणी बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, जरा गढूळ, त्यावरचा फेस आत समुद्राकडे चाललाय, तर तिथूनच पाणी परत ओढलं जातंय. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमून बुडणारे असेच बुडतात. अंग सैल सोडा, पाठीवर तरंगा (खाऱ्या पाण्यात ते विहिरीपेक्षा सोपं जातं), हात वर करून हाक मारा आणि किनाऱ्याला समांतर पोहत लाटा फुटतात तिथवर या. नाही पोहता आलं तर नुसतं तरंगत राहा. वाचवायला माणसाने उडी मारू नये. रिकामी झाकणबंद घागर, पाण्याचा कॅन, दोर, काहीही तरंगणारं फेका आणि गावातल्या माणसांना बोलवा.

नदी समुद्राला मिळते तिथं ओहोटीच्या वेळी पाण्यात अजिबात उतरायचं नाही. पाणी गुडघ्याच्या वर नको, हा लेकरांचा नियम मोठ्यांनाही लावा. साडी किंवा जीन्स भिजली की अंगावर ओझं होतं. लाल बावटा असेल तर वाद घालू नका, आणि दारू घेतलेल्याला किनाऱ्यावर आणूच नका.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू टणक दिसते, चाक थांबलं की खचतं, आणि भरती वाट बघत नाही. खचलीच तर रेस देऊ नका, चाक आणखी खोल जातं. माणसं उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा.

स्कूबा

तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, शिवाय मालवणात खासगी डायव्हिंगवाले भरपूर. पोहता न येणाऱ्यांनाही नेतात. प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. दमा, हृदयविकार, फिट येणं, गरोदरपण किंवा साधी सर्दी असेल तर जाऊ नका. सर्दीत कानातली हवा सुटत नाही आणि पडद्याला इजा होते.

दोन तास आधी हलकं खा. उपाशीपोटी होडी लागते, भरल्या पोटी तर लागतेच. पाण्यात श्वास फक्त तोंडाने, सावकाश, आणि कधीही रोखून धरायचा नाही. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हवा कानाकडे ढकला, दर दोन-चार फुटांना. दुखायला लागलं तर खूण करा आणि थोडं वर या. खुणा आधी पाठ करा: अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, ‘छान आहे’ नव्हे. छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. फोटोसाठी अंगठा दाखवून स्वतःच वर आलेले लोक रोज असतात. झुपकेदार मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपतं. मास्क नाकाखाली नीट बसवून घ्या किंवा मिशीचा वरचा काठ कातरा. हे ऐकायला गावातला कोणी पाटील तयार होत नाही.

स्कूबा परतीच्या दिवशी नको. घाट चढला की तुम्ही सहा-सातशे मीटर वर जाता, आणि डाइव्हनंतर इतक्या उंचीवर जाण्याआधी निदान बारा तास जाऊ द्यावेत.

खाणं आणि मुक्काम

किनाऱ्यालगत घरगुती निवास-न्याहारीची सोय भरपूर आहे. ठरवताना जेवणाचा दर ताटाप्रमाणे की माणसाप्रमाणे, गरम पाणी आणि मच्छरदाणी एवढं विचारा. माळकरी किंवा शाकाहारी कोणी असेल तर आदल्या दिवशीच सांगा; घावणे, आंबोळी, काजूची उसळ, सोलकढी असं छान जेवण मिळतं, पण ऐनवेळी नाही. ज्वारीच्या भाकरीची आशा धरू नका. सोबत न्यायच्या दशम्या-धपाट्यांना दमट हवेत दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते आणि कडक भाकरी मऊ पडते, म्हणून हे कोल्हापूरपर्यंतच संपवा. शेंगदाण्याची चटणी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात टिकते.

सकाळी किनाऱ्यावर रापण (वाळूवरून दोरांनी ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढत असतील तर दोराला हात लावायला कोणी नाही म्हणत नाही. दोर ओलांडून मात्र जाऊ नका. आणि गाडी किंवा खाट नारळाखाली लावू नका.

परतताना गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुणं राहून जातं, आणि वर्षभरात सायलेन्सर नि बोल्ट गंजतात. घरी जाऊन धुऊ म्हणू नका. २०१६ साली ज्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच कोल्हापूर-मिरज पट्ट्यात वॉशिंग सेंटरवर अर्धा तास थांबा आणि चाकांच्या आतल्या बाजूवर फवारा मारून घ्या.